तासाला दहा मिनिटं

रात्री अकरा वाजता घड्याळ बरोबर लावायचं, गजराचा काटा सातवर न्यायचा आणि निश्चिंत झोपायचं. सकाळी घंटा वाजणार नाही, रेडिओच सुरू होईल. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन घड्याळ-रेडिओचं सगळं आकर्षण या एका सोयीत होतं. बेकलाइटची गोलसर पेटी, एका बाजूला घड्याळाची तबकडी, दुसऱ्या बाजूला स्टेशनांची डायल. असा एक रेडिओ पुण्यातल्या घरात मांडला आहे असं समजा. २३० व्होल्टच्या सॉकेटात तो थेट खुपसलेला नाही. मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे त्याला हवे तेवढे ११५ व्होल्ट मिळताहेत. व्हॉल्व्ह तापतात, डायलवर ७९२ किलोहर्ट्झच्या आसपास पुणे आकाशवाणी लागते, आवाजही स्वच्छ आहे.

पण सकाळी ७:०५ च्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी रेडिओ गप्पच असतो. तो सुरू होतो ८:३६ ला. आणि त्या क्षणी त्याच्या तबकडीवर मात्र बरोबर सात वाजलेले असतात.

घड्याळ बिघडलेलं नाही. वंगण सुकलेलं नाही, दातेरी चाक झिजलेलं नाही. ते अगदी चोख चाललं आहे, फक्त दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं आहे. त्याचे आठ तास आपल्या नऊ तास छत्तीस मिनिटांत पूर्ण होतात आणि आपल्या चोवीस तासांत त्याचे वीसच तास भरतात. इतकी नियमित चूक यंत्रातल्या दोषामुळे होत नसते. तिचं उत्तर रेडिओच्या पाठीवरच छापलेलं असतं: ११५ व्होल्ट, ६० सायकल, फक्त एसी.

दोन आकडे, दोन स्वभाव

परदेशी वस्तू घरात आली की आपण पहिल्यांदा व्होल्ट बघतो, आणि ते योग्यच आहे. ११५ व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं तर क्षणात जळेल. पण पाठीवरचा दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. घरातल्या विजेच्या प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होत असते. भारतात हे चक्र सेकंदाला ५० वेळा पूर्ण होतं, अमेरिकेत ६० वेळा. यालाच वारंवारता म्हणतात. जुन्या यंत्रांवर ती ‘सायकल’ या शब्दात छापलेली असते, आज आपण हर्ट्झ म्हणतो.

व्होल्टेज दारात बदलता येतं. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि त्यांतल्या वेढ्यांचं प्रमाण निम्मं ठेवलं की २३० चे ११५ होतात. वारंवारता मात्र ट्रान्सफॉर्मरमधून जशी आत जाते तशीच बाहेर येते. सेकंदाला ५० लाटा आत गेल्या तर ५० च बाहेर येणार, उंची तेवढी कमी झालेली असेल. रेडिओला ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि घड्याळाला पुरत नाही, त्याचं कारण हेच. रेडिओचा भाग व्होल्टेजवर जगतो, घड्याळाचा भाग वारंवारता मोजतो.

म्हणून व्होल्टेज जुळलं तरी वेळ जुळेलच असं नाही. सौदी अरेबियाची वीज ६० हर्ट्झची आहे. तिथे नोकरी करून कोकणात परतलेल्या माणसाने तिथलं विजेवर चालणारं घड्याळ आणलं, तर ते रत्नागिरीतही तासाला दहा मिनिटं मागेच पडेल. दुबईची वीज ५० हर्ट्झची, तिथून आणलेलं घड्याळ बरोबर चालेल.

स्वतःची वेळ नसलेलं घड्याळ

आजीच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात लंबक असायचा. चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील असतं, सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक. प्रत्येकाच्या पोटात वेळ मोजणारं काहीतरी असतं. या घड्याळ-रेडिओच्या पोटात तसं काहीच नाही. आत आहे ती एक छोटी सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या प्रत्येक लाटेबरोबर ठरलेलं अंतर फिरणारी मोटर. लाटा वेगाने आल्या तर ती वेगाने फिरते, सावकाश आल्या तर सावकाश.

अशा घड्याळाला आजचं रूप दिलं हेन्री वॉरन या अमेरिकन अभियंत्याने, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲशलँड गावी. आपोआप सुरू होणारी सिंक्रोनस मोटर त्याने बनवली, पण पहिल्याच टप्प्यावर तो अडला. मोटर विजेशी इमान राखत होती, वीज मात्र वेळेशी इमान राखत नव्हती. त्या काळी वीजकेंद्रातली वारंवारता थोडीफार वरखाली होत राही. दिवे लागण्याला त्याने काही फरक पडत नसे, म्हणून कोणी लक्षही देत नसे.

वॉरनने उत्तर शोधलं ते वीजकेंद्रातच. त्याने एक मुख्य घड्याळ बनवलं. एकाच तबकडीवर दोन काटे. एक अचूक लंबकाच्या घड्याळाने चालणारा, दुसरा त्या केंद्राच्याच विजेवर सिंक्रोनस मोटरने चालणारा. केंद्रातल्या माणसाचं काम एवढंच, की दोन्ही काटे एकावर एक राहतील असा जनित्राचा वेग सांभाळायचा. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी हे घड्याळ बोस्टनच्या वीजकेंद्रात बसलं. त्या दिवसापासून वीजकंपनी ग्राहकाला प्रकाशाबरोबर वेळही पुरवू लागली. वॉरनच्या कंपनीचं नाव पुढे ‘टेलिक्रॉन’ झालं. ‘दूर’ आणि ‘काळ’ या दोन ग्रीक शब्दांतून ते आलं आहे आणि यंत्राचं याहून नेमकं वर्णन सापडणार नाही. घरातलं घड्याळ हा फक्त काटा, त्याचा लंबक कित्येक मैलांवरच्या वीजकेंद्रात.

हा संबंध किती घट्ट आहे ते आकड्यांत बघू. टेलिक्रॉनच्या मोटरचा इवलासा रोटर ६० हर्ट्झवर मिनिटाला ३६०० फेरे घेतो. तेलाने भरलेल्या बंद डबीतली दातेरी चाकं हा वेग हजार पटींनी कमी करतात आणि बाहेरच्या चाकाला मिनिटाला ३.६ फेरे मिळतात. पुढच्या चाकांची दातसंख्या याच वेगासाठी ठरवलेली असते. आता हाच रोटर पुण्यात फिरवला तर तो मिनिटाला ३००० फेरे घेईल. आणि ३००० हाच चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातल्या टर्बाइनचा मिनिटाचा वेग आहे, कारण दोन ध्रुवांच्या जनित्रातून ५० हर्ट्झ मिळवायचे तर तेवढंच फिरावं लागतं. बोटाच्या पेरावर मावेल एवढा रोटर आणि टनावारी वजनाचा टर्बाइन एकमेकांच्या पावलाला पाऊल लावून फिरतात, एक फेराही न चुकवता. ॲशलँडमध्ये घडवलेली पावलं आता चंद्रपूरच्या ठेक्यावर पडतात. दहा मिनिटं हरवतात ती इथे.

हीच गोष्ट कानाने ओळखायची असेल तर हॅमंड ऑर्गन आठवावा. लॉरेन्स हॅमंड आधी विजेची घड्याळं बनवत असे. १९३५ साली त्याने बाजारात आणलेल्या ऑर्गनचे सूर सिंक्रोनस मोटरने फिरणाऱ्या चक्रांतूनच निघत. ६० हर्ट्झचा हा ऑर्गन ५० हर्ट्झवर लावला तर सगळी पट्टी तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त उतरते. पांढरी तीनची पट्टी दाबली तर ऐकू येते ती काळी एकच्याही जरा खालची.

गाव बदललं नाही, वारंवारता बदलली

घड्याळ हलवलं नाही तरी त्याच्याखालची वीज बदलू शकते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोठ्या भागात १९४८ पर्यंत ५० सायकलची वीज होती. त्या साली ती ६० झाली, आणि जुनी घड्याळं तशीच ठेवली असती तर तासाला बारा मिनिटं पुढे धावली असती. कॅनडाच्या दक्षिण ओंटारियोत नायगाऱ्याची २५ सायकलची वीज होती. ती ६० वर आणायला १९४९ ते १९५९ अशी दहा वर्षं लागली. जपान तर आजही दुभंगलेला आहे. सुरुवातीची यंत्रं टोकियोने जर्मनीतून आणली आणि ओसाकाने अमेरिकेतून, म्हणून पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. त्यामुळेच काही जपानी फ्लिप घड्याळांत दातेरी चाकांची जोडी बदलणारी ५०-६० ची खिटी सापडते. असं घड्याळ हाती आलं तर प्रश्न बोटाने सुटतो.

ग्रिड जरा ढळलं तरी काय होतं ते युरोपने २०१८ मध्ये पाहिलं. सर्बिया आणि कोसोव्होच्या वादात विजेचा मेळ बसेना. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सरासरी वारंवारता ५० ऐवजी ४९.९९६ राहिली. फरक इतका सूक्ष्म, पण तो साठत गेला आणि ओव्हनवरची, उशाशी ठेवलेल्या रेडिओंवरची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली.

आपल्याकडे ही शिस्त फार उशिरा आली. विजेचा तुटवडा असला की जनित्रांवर ताण येतो आणि वारंवारता खाली जाते. १९९० च्या दशकात ती ४९ च्या खाली जाणं नवलाचं नव्हतं. ४९ हर्ट्झवर सिंक्रोनस घड्याळ दिवसाला २९ मिनिटं गमावतं, आणि भारनियमनात ते थांबतंच. आपल्या भिंतींवर आधी चावीची आणि मग सेलवरची घड्याळं का राहिली, ते यावरून समजतं. २००२ च्या जुलैत पश्चिम विभागात वारंवारतेशी जोडलेली दरपद्धत लागू झाल्यावर चित्र पालटू लागलं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाला जोडलं आणि सगळा भारत एका ठेक्यावर आला. आता नियमानुसार वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये राहायला हवी. तरी या पट्ट्याच्या तळाला, ४९.९० वर, दिवस काढला तर घड्याळ सुमारे तीन मिनिटं मागे पडेल.

रेडिओ आधी, घड्याळ नंतर

वेळेचा प्रश्न सोडवण्याआधी जिवाचा प्रश्न सोडवावा लागतो.

त्या काळच्या बहुतेक स्वस्त अमेरिकन रेडिओंत आत ट्रान्सफॉर्मर नसे. पाच व्हॉल्व्ह असत आणि त्यांचे तापणारे तंतू माळेतल्या दिव्यांसारखे एकामागोमाग जोडलेले. तिघांना प्रत्येकी १२ व्होल्टच्या आसपास, एकाला ३५, एकाला ५०, बेरीज सुमारे १२० व्होल्ट. थेट सॉकेटच्या विजेवर चालणारी ही रचना इतकी पसरली की तिला ‘ऑल अमेरिकन फाइव्ह’ असं नाव पडलं. साधा टेबल रेडिओ तर डीसीवरही चाले. घड्याळ-रेडिओच्या पाठीवर ‘फक्त एसी’ लिहावं लागलं ते त्यातल्या मोटरसाठी.

बचतीची ही रचना धोकादायक आहे. आतला पत्र्याचा सांगाडा सॉकेटच्या एका तारेशी जोडलेला असतो. पिन उलटी बसली तर त्या सांगाड्यावर फेज येतो. बटणं आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण जागेवर आहेत तोवर हात त्याला लागत नाही. एखादं बटण गळून पडलं आणि उघड्या दांड्याला बोट लागलं, तर तो झटका प्राणघातक ठरू शकतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मर घेताना फक्त ‘२३० चे ११५’ एवढंच विचारू नये. बाजारात दोन प्रकार मिळतात. ऑटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं. ते हलकं आणि स्वस्त, पण घरची वीज आणि रेडिओ यांच्यात आडोसा करत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाइंडिंग पूर्णपणे वेगळी असतात. या रेडिओला दुसराच हवा. दुकानात मल्टिमीटरने खात्री करता येते. ट्रान्सफॉर्मर विजेला न जोडता त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये मीटर लावायचा. कंटिन्युइटी दाखवली तर तो ऑटो आहे, परत करावा. रेडिओ ३० ते ३५ वॉट घेतो, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर निवांत काम करतो. हेअर ड्रायरसाठी विकले जाणारे छोटे प्रवासी कन्व्हर्टर मात्र लाट तोडून व्होल्टेज उतरवतात. ते रेडिओला कधीही लावू नयेत.

काही घड्याळ-रेडिओंच्या पाठीवर कॉफीचं भांडं लावण्यासाठी वेगळं सॉकेट असे, सकाळी संगीताबरोबर कॉफीही तयार व्हावी म्हणून. त्यावर हजार वॉटच्या पुढचा आकडा छापलेला दिसेल. तो अमेरिकेतल्या भिंतीवरच्या सॉकेटासाठी आहे. १०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमागे त्यात काहीही लावायचं नाही.

पन्नास-साठ वर्षं माळ्यावर पडलेला रेडिओ आणल्या आणल्या चालू करणंही चूक. त्यातले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले, गळके झालेले असतात. जाणत्या कारागिराकडून आधी ते बदलून घ्यावेत. तो पहिल्यांदा वीज देताना वाटेत सीरीज दिवा लावेल. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटेल आणि रेडिओ वाचेल.

शंभर व्होल्टचं गणित

५० हर्ट्झचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो घड्याळात दिसत नाही, हाताला जाणवतो. ट्रान्सफॉर्मरचा किंवा मोटरचा लोखंडी गाभा किती चुंबकत्व पेलणार, हे व्होल्टेजला वारंवारतेने भागून ठरतं. १२० व्होल्ट भागिले ६० म्हणजे दोन. तेच १२० व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर भागाकार २.४, म्हणजे वीस टक्के जास्त. गाभा संपृक्त होऊ लागतो, प्रवाह वाढतो, कॉइल तापते, गुणगुण ऐकू येते. भागाकार पुन्हा दोन करायचा तर व्होल्टेज १०० हवं.

पण व्हॉल्व्हच्या तंतूंना गाभा नसतो. त्यांना ११५ च्या वरच बरं वाटतं, १०० वर ते मंद तापतील आणि आवाज खचेल. म्हणजे एकाच पेटीतल्या दोन भागांच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. घड्याळाच्या कॉइलला १०० व्होल्ट, रेडिओला ११५. हे लक्षात आलं की पुढचा मार्ग आपोआप दिसतो: दोघांना वेगवेगळी वीज द्यावी.

वेळ परत मिळवण्याचे मार्ग

पहिला मार्ग चाकांचा. ५० सायकलसाठी बनवलेला जोडीचा रोटर मिळाला, म्हणजे ५० हर्ट्झवर मिनिटाला ३.६ फेरे देणारा, तर तो जुन्याच्या जागी बसतो. घड्याळ कायमचं इथलं होतं. अडचण एवढीच, की असे रोटर दुर्मिळ आहेत आणि जुन्यांतलं तेल बहुतेकदा गोंदासारखं झालेलं असतं.

दुसरा मार्ग संपूर्ण पेटीला ६० हर्ट्झ देण्याचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ देणारा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेता येतो. बॅटरी चार्ज होत राहिली तर वीज गेली तरी घड्याळ थांबत नाही. पण अशा इन्व्हर्टरमधल्या वेगवान स्विचिंगचा खरखराट मध्यम लहरीवर सहज पकडला जातो. घड्याळ वाचवायला गेलो आणि रेडिओ गेला, असं व्हायला नको.

मला मनापासून पटतो तो तिसरा मार्ग. या रेडिओंत घड्याळाची कॉइल थेट विजेला जोडलेली असते आणि रेडिओचा भाग घड्याळातल्या स्विचमधून. कारागीर या दोन वाटा वेगळ्या करू शकतो. रेडिओला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचे ११५ व्होल्ट, आणि कॉइलला स्वतंत्र ६० हर्ट्झ. कॉइलची भूक दोन-तीन वॉटची. त्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकावरून काढलेले ६० हर्ट्झ, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि उलटा जोडलेला लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. लाट गोलाईची हवी. चौकोनी लाटेवर मोटर तापते आणि कुरकुरते.

हे ६० हर्ट्झ कुठून येतात, तीही सुरेख गोष्ट आहे. अमेरिकन रंगीत टीव्हीसाठी ३५,७९,५४५ हर्ट्झचे स्फटिक लाखोंनी बनले आणि स्वस्त झाले. त्या संख्येला ५९,६५९ ने भागलं की उत्तर येतं जवळजवळ अचूक ६०. नेमका हाच भागाकार करणारी एमएम ५३६९ नावाची चिप निघाली होती. आज कुठलाही मायक्रोकंट्रोलर ते काम करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरून सगळं सामान एका दुपारी गोळा करता येईल.

१९७० च्या दशकानंतरच्या, लाल आकड्यांच्या घड्याळ-रेडिओचं प्रकरण सोपं आहे. त्यांची चिप विजेच्या लाटा मोजूनच वेळ सांगते, पण ५० मोजायच्या की ६०, हे ठरवणारी एक पिन तिला असते. एलएम ८५६० सारख्या चिपवर ती आहेच. काही सेटमध्ये तळाशी स्विच असतो, काहींत सर्किट बोर्डवरची एक तार हलवावी लागते. आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचा असल्याने १०० ते ११० व्होल्ट द्यावेत आणि पहिले काही तास पेटीला हात लावून बघावं. या पिढीतल्या बटणाने स्टेशन लागणाऱ्या सेटची अडचण वेगळी आहे. अमेरिकेत मध्यम लहरीची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत, आपल्याकडे नऊ. पुण्याचे ७९२ म्हणजे नऊ गुणिले अठ्ठ्याऐंशी, आणि अमेरिकन बटण ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतं. काट्याच्या जुन्या डायलला हा प्रश्नच नाही. ती मधल्या कुठल्याही बिंदूवर थांबते.

व्हॉल्व्हच्या सेटसाठी शेवटची एक गोष्ट. सगळं जुळलं, ६० हर्ट्झ मिळाले, घड्याळ सेकंदाला सेकंद चालू लागलं, तरी गजर ७:०५ वर लावू नये. स्विच पडल्यावर व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. आधी डायलचा दिवा लागतो, मग मंद गुणगुण येते, आणि मग खोल विहिरीतून वर यावा तसा निवेदकाचा आवाज हळूहळू मोठा होतो. काटा सातवर ठेवावा. बातम्या सुरू होईपर्यंत रेडिओ पूर्ण जागा झालेला असतो.